कॉर्नी रेम्पलची तीनशे अठरा मिनिटं

आमच्या स्टोनी बेंड गावात मला सगळे नेमकी बाई म्हणून ओळखतात. एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले, एक पत्र इकडचं तिकडे झालं नाही. बत्तीस हिवाळे गावच्या रिंकवर बर्फावरच्या हॉकीच्या सामन्यांचं पत्रक लिहिलं. गोल कोणी केला, पास कोणी दिला, शिक्षा होऊन कोण किती मिनिटं बाहेर बसला, सगळं निळ्या शाईत, खाडाखोड न करता. शाई फिसकटू नये म्हणून रेफरी सही करताना हातमोजा काढायचे. हे मी स्वतःची टिमकी वाजवायला सांगत नाही. पुढचं जे आहे ते याच्याशिवाय कळणार नाही, म्हणून सांगते, आणि सांगताना अजूनही मान वर होत नाही.

गोष्ट माझी नाही, कॉर्नी रेम्पलची आहे. त्र्याहत्तर साली तो आमच्या संघात आला तेव्हा वीस वर्षांचा होता. दिवसा धान्याच्या कोठारावर कामाला, संध्याकाळी रिंकवर. केसांत गव्हाचा भुसा तसाच असायचा, आणि हेल्मेट काढलं की तो माझ्या टेबलावर पडायचा. मी चिडून फुंकर मारायचे. तो "चुकलं" म्हणायचा आणि पुढच्या सामन्याला पुन्हा तेच. उंची बेताची, मान बारीक, पण बर्फावर पाय असे चालायचे की समोरच्याला तो गेल्यावर कळायचं. अकरा हंगाम खेळला, एकशे सात गोल केले. आमच्यासारख्या गावात ही काही थोडी गोष्ट नाही.

आता कोंडवाड्याबद्दल सांगायला हवं. पेनल्टी बॉक्सला आम्ही कोंडवाडा म्हणायचो. बर्फाला लागून काचेची दोन खोकी, एक आमचं, एक पाहुण्यांचं, आणि मधे टेबल मांडून मी. आमच्या खोक्याकडची काच कधीच फुटली होती, ती कुणी बसवली नाही, त्यामुळे शिक्षा झालेला आमचा खेळाडू अगदी माझ्या कोपराशी बसायचा. तिथे कॉर्नीइतका दुसरा कुणी बसला नसेल. यायचा, दार लावायचा, घाम पुसायचा आणि विचारायचा, "आज किती?" मी घड्याळाकडे बघत म्हणायचे, "दोन." मग खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढून दातांनी फोडत बसायचा. रेम्पलांकडे सगळ्यांनाच ती सवय. बाकीचे टरफलं खाली थुंकायचे, हा काढून ठेवलेल्या हातमोज्यात जमवायचा. दोन मिनिटं भरली की "येतो" म्हणून उठायचा आणि दार उघडताच सुटायचा.

एवढा सुटायचा म्हणूनच त्याला तिथे पाठवत. आमचा गोली होता बडी लाफ्रेनियर. गोल अडवण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता, आणि डोकं फिरण्यातही नव्हता. जवळ येईल त्याच्या पोटरीवर काठी हाणायचा. गोली गोल मोकळा टाकून कोंडवाड्यात बसू शकत नाही, म्हणून त्याच्या शिक्षेला दुसरा कुणी बसतो. सहाऐवजी सात जण बर्फावर उतरले तर ती शिक्षा अख्ख्या संघाची, पण तिथेही बसायला एक माणूस लागतो. आमच्या प्रशिक्षकाचा हिशोब सोपा होता. शिक्षा संपल्यावर जो बाहेर पडेल तो वेगाचा हवा, आणि बसवल्याबद्दल कुरकुर न करणारा हवा. असा एकच होता.

चूक मी केली ती इथे. पत्रकात शिक्षेच्या ओळीत एक नंबर लिहायचा असतो. मी जो येऊन बसेल त्याचा लिहीत गेले. कारणाच्या रकान्यात बरोबर लिहायचे, "गोलकीपरने काठी मारली", "बर्फावर जास्त खेळाडू", आणि पुढे नंबर घालायचे चौदा, कॉर्नीचा. मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. विचारणं हा माझा स्वभाव नाही. कारणं कुणी वाचत नसे. गुरुवारच्या साप्ताहिकात नुसत्या बेरजा छापून यायच्या: नाव, गोल, पास, शिक्षेची मिनिटं.

एकोणऐंशीच्या शरदात बाहेरगावचा एक रेफरी पत्रकावर सही करायला आला. वाचता वाचता थांबला. म्हणाला, बाई, शिक्षा बसणाऱ्याच्या नावावर घालत नाहीत, करणाऱ्याच्या नावावर घालतात, बसणाऱ्याचा नंबर बाजूला बारीक लिहायचा. मी म्हटलं, ठाऊक आहे, आज घाईत झालं. हे वाक्य मी कसं सहज बोलून गेले त्याचं मला आजही नवल वाटतं. त्या सामन्यापासून मी बरोबर लिहू लागले. मागची सहा वर्षं मात्र तशीच राहू दिली. दुरुस्त करायची म्हणजे सांगावं लागणार, आणि सांगायचं म्हणजे पोस्टातल्या व्हेरा पालुकची चूक झाली असं गावभर होणार. कोण वाचतंय, असं स्वतःला समजावलं.

त्याच उन्हाळ्यात कॉर्नीचं मार्गारेटशी लग्न झालं होतं. हिवाळ्यात त्याची मिनिटं एकदम उतरलेली दिसली तेव्हा गावात थट्टा झाली, बायको आली आणि रेडा गाय झाला. मीही हसले होते. सगळ्यांबरोबर, चांगलं मोठ्यानं.

पुढे कॉर्नीनं खेळ सोडला, पण रिंक सोडलं नाही. तीस वर्षं तो गावातल्या पोरांच्या स्केट्सना धार लावत आलाय, पैसे न घेता. पहाटे बर्फावर पाणी फिरवायची गाडीही तोच चालवायचा.

रिंकला पन्नास वर्षं झाली तेव्हा गावानं दारातल्या भिंतीवर आपला हॉल ऑफ फेम सुरू केला. थाटाचं नाव ते, आम्ही नुसतं भिंत म्हणतो. निवृत्त खेळाडूंमधून दर वर्षी दोघंतिघं निवडायचे, फोटोखाली पितळी पट्टी लावायची आणि ऑक्टोबरातल्या टर्कीच्या गावजेवणात त्यांना उभं करून टाळ्या वाजवायच्या. पहिल्याच वर्षी बडी लाफ्रेनियर भिंतीवर गेला. निवड करायला सात जणांची समिती, तिचा प्रमुख डेल सिगर्डसन, शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. आकडे माझ्याकडे म्हणून मी समितीत. बघायच्या तीन गोष्टी: खेळ, गावासाठी केलेलं काम आणि बर्फावरची वागणूक. एक नाव तीनदा नाकारलं गेलं की कायमचं बाद.

कॉर्नीचं नाव दोन हजार बारा साली पहिल्यांदा आलं. गोलांवर सगळे खूश, स्केट्सच्या धारेवर तर बोलायलाच नको. मग डेलनं चष्मा वर करून मला विचारलं, "व्हेरा, मिनिटं?" आणि मी वाचलं, "तीनशे अठरा. क्लबात तिसरा." कुणीतरी शीळ घातली. त्याच्या वरचे दोघं म्हणजे हातमोजे टाकून मारामाऱ्या करणारे, एकाचा जबडा दोनदा शिवलेला. डेल म्हणाला की पोरं रोज या भिंतीखालून जातात, मारकुट्या माणसाला वर टांगून त्यांना काय शिकवायचं? चार हात विरुद्ध गेले. माझा हात वर गेला नाही आणि खालीही राहिला नाही. मी पेन उचललं आणि निकाल लिहिला.

मला तेव्हा आठवलं नाही, असं मी सांगू शकले असते. पण आठवलं होतं. आकडा वाचतानाच आठवलं होतं.

दुसऱ्या वर्षी बडी लाफ्रेनियर स्वतः समितीपुढे आला. दोन्ही गुडघे गेलेले, काठी टेकत. खुर्ची दिली ती घेतली नाही. "अरे, तो माझ्यासाठी बसायचा," तो म्हणाला. "काठ्या मी हाणायचो, कोंडवाड्यात हा जायचा. मारकुटा कुणाला म्हणताय?"

डेलनं माझं पत्रक पुढे ओढलं. म्हणाला, "बडी, पहिली सहा वर्षं तुझ्या नावावर एक मिनिट नाही."

"म्हणजे काय मी संत होतो? माझ्या बायकोला विचार."

सगळे हसले. डेल म्हणाला की व्हेराचं पत्रक आणि तुझं डोकं यांत निवडायचं तर मी पत्रक निवडीन, तुझ्या डोक्यावर किती रबरी पक आदळलेत ते तूही मोजलेलं नाहीस. पुन्हा हशा झाला. मग तो माझ्याकडे वळला आणि गमतीनं विचारलं, "काय व्हेरा, तुझ्या पत्रकात चूक असेल का?"

एवढं सोपं करून दिलं होतं त्यानं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. मी म्हटलं, "पत्रकात जे आहे ते आहे."

बडी माझ्याकडे बघत राहिला. मग काठी टेकत गेला. त्याची काठी बाहेरच्या रबरी फरशीवर लांबपर्यंत ऐकू येत होती आणि मी मान खाली घालून निकाल लिहीत होते. कॉर्नी दुसऱ्यांदा बाद.

चौदा सालच्या मे महिन्यात डेल माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी त्याला सास्काटून या रानबेरीचा, भट्टीत भाजलेला गोड पाई वाढला. त्यानं खिशातून कागद काढला आणि हसत माझ्यापुढे सरकवला. समितीनं माझ्या पाठीमागे ठरवलं होतं, न खेळता क्लबसाठी झटणाऱ्यांमध्ये यंदा मला भिंतीवर घ्यायचं. पट्टीवरचा मजकूरही त्यानं लिहून आणला होता: "व्हेरा पालुक. बत्तीस वर्षं, एकही चूक नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला वाटलं मी भारावले. माझ्या खांद्यावर थोपटून त्यानं आणखी एक तुकडा मागितला. जाताना म्हणाला की कॉर्नीचं नाव यंदा तिसऱ्यांदा आहे, शेवटचंच, पण ते काही होत नाही.

तो गेल्यावर मी तळघरातून खोकी वर आणली. तीन दिवस स्वयंपाकघराच्या टेबलावर ती सहा वर्षं पसरून बसले होते. बोर्श्टचं, म्हणजे बिटाच्या सूपचं, भांडं करपलं तरी उठले नाही. ओळ न् ओळ वाचली. गोलकीपरची काठी, चौदा नंबर. जास्त खेळाडू, चौदा नंबर. गोलकीपरने पक मुद्दाम बाहेर फेकला, चौदा नंबर. सुंदर अक्षर, कुठे डाग नाही. एकशे सदतीस वेळा तो दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी माझ्या कोपराशी येऊन बसला होता, बिया फोडत, आणि एकशे सदतीस वेळा मी तो गुन्हा त्याच्या नावावर घातला होता. दोनशे चौऱ्याहत्तर मिनिटं. अकरा वर्षांत त्याची स्वतःची होती चव्वेचाळीस. एवढी तर चर्चच्या पाद्र्याचीही झाली असती.

तरी मी उन्हाळाभर गेले नाही. बागेत काकड्या आल्या, त्यांचं लोणचं घातलं, बहिणीकडे जाऊन आले. रस्त्यात कॉर्नी दिसला तर पलीकडच्या बाजूनं गेले. सप्टेंबरात समितीच्या बैठकीला चार दिवस उरले तेव्हा त्याच्या दारात उभी राहिले.

दार मार्गारेटनं उघडलं. आत इस्त्रीचा वास होता, खुर्चीच्या पाठीवर काळा सूट. मी विचारलं, कुठे लग्नाला निघालात? ती ओशाळली. आवाज बारीक करून म्हणाली, "कुठे काय. भिंतीची निवड जवळ आली की काढायला लावतो. दर वर्षी. बोलत नाही काही, पण काढायला लावतो. तू त्याला मी सांगितलं म्हणून नको सांगूस, बाई."

कॉर्नी गॅरेजमध्ये धारेच्या चाकाशी बसला होता. शेजारी पोरांच्या स्केट्सची रांग, प्रत्येकीच्या बंदाला नावाची चिठ्ठी. मला बघून त्यानं चाक बंद केलं आणि खुर्चीवरचा कपडा उचलला. मी बसले नाही. बसले असते तर बोलणं झालं नसतं. एका दमात सगळं सांगून टाकलं: नंबर कसा घातला, रेफरीनं कधी सांगितलं, समितीत दोनदा काय झालं, बडी आला तेव्हा मी काय म्हटलं. काही लपवलं नाही.

कॉर्नी हातातलं पातं पुसत राहिला. मग म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"माझा नंबर घालायचीस ते. तुझ्या शेजारीच तर बसायचो. सगळं दिसायचं."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं नियमच तसा असेल." त्यानं खांदे उडवले. "तू लिहीत होतीस ना."

यापेक्षा त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी निघायला वळले तेव्हा त्यानं विचारलं, माझे बाबा सामन्यांना यायचे ते तुला आठवतं का? आठवत होतं. अब्राम रेम्पल, उंच, काळा कोट, दाराजवळच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसायचे. टाळ्या वाजवायचे नाहीत, पण कॉर्नीनं गोल केला की टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर जायची. मेनोनाइट पंथाचा माणूस. हात उगारणं हे त्यांच्याकडे सगळ्यात मोठं पाप. त्यांचे भाऊ त्याच पायी महायुद्धात लढाईवर गेले नाहीत आणि त्याऐवजी सरकारी छावणीत झाडं तोडत राहिले. आणि मग एका हिवाळ्यापासून तो बाक रिकामा दिसू लागला. मला वाटलं होतं, वय झालं.

कॉर्नी पात्याकडे बघतच बोलत होता. "साप्ताहिकात मिनिटं यायची ना. बाबा दर गुरुवारी वाचायचे. शहात्तर साली मला समोर बसवलं आणि विचारलं, तू एवढं कुणाला मारतोस? मी म्हटलं, कुणालाच नाही बाबा, दुसऱ्यांच्या वतीनं बसतो. तर म्हणाले, कॉर्नेलियस, हे छापलेलं आहे. आणि लिहिणारी पोस्टातली व्हेरा आहे. तिनं आजवर आपलं एक पत्र चुकवलं नाही."

मी दारातून मागे फिरले.

त्यानंतर ते रिंकवर आले नाहीत. अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये दवाखान्यात पडले होते, जीव जात नव्हता. कॉर्नीला जवळ बोलावून म्हणाले की ज्यांना मारलंस त्यांच्यासाठी माझ्यादेखत देवाची माफी माग.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मागितली. म्हातारा अडकून राहिला होता. नावंसुद्धा विचारली त्यांनी. मी चार नावं सांगितली, पलीकडच्या गावातल्या खेळाडूंची. एकाचा दात पाडला म्हटलं." त्याला किंचित हसू आलं आणि लगेच गेलं. "ते ऐकून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी गेले."

कॉर्नीनं पातं ठेवून दिलं. म्हणाला, "आता तू ते खोडणार. म्हणजे मी कधी कुणाला मारलं नाही हे ठरणार. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोललो, तेवढं मात्र राहणार."

मी विचारलं, मग राहू देऊ का तसंच?

आता लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते. ते विचारताना मला आत कुठेतरी हायसं वाटलं होतं. त्यानं "राहू दे" म्हटलं असतं तर मी त्याचे उपकार मानून घरी गेले असते, भिंतीवर चढले असते आणि वर म्हणाले असते की त्याचीच तशी इच्छा होती. माझ्या सगळ्या आयुष्यात त्या एका क्षणाइतकी लाज मला कशाची वाटत नाही. चुकीचीसुद्धा नाही.

त्यानं चाक सुरू केलं. ठिणग्या उडू लागल्या. त्या आवाजात म्हणाला, "तुला लिहायचं ते लिही, व्हेरा. आजवर तूच लिहीत आलीस." चाळीस वर्षांत त्यानं मला मारलेला टोमणा तो एवढाच.

बैठकीत मी सहाही वर्षांची पत्रकं टेबलावर ठेवली आणि प्रत्येक चुकीच्या ओळीखाली तांबडी रेघ मारून दाखवली. डेलनं तीन-चार पानं उलटली आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाला की गेल्या वर्षी मी तुला विचारलं होतं. मी म्हटलं, हो, विचारलं होतंस, आणि मी खोटं बोलले. कुणी हसलं नाही. समितीतल्या एकीनं विचारलं की मग बाकीच्या आकड्यांवर कसा विश्वास ठेवायचा? रास्त प्रश्न होता. मी म्हटलं, मी पुन्हा तपासून देते, दुसऱ्या कुणाला शेजारी बसवा. बडीला फोन केला, कारण ती मिनिटं आता त्याच्या नावावर जाणार होती. तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की सगळ्यांना ऐकू गेलं. "घाला की! माझीच आहेत ती. चाळीस वर्षं माझ्या पोरांना सांगतोय, कुणी खरं मानत नाही."

कॉर्नी एकमतानं निवडला गेला. माझी पट्टी मात्र कोरून आली होती. ती लावू नका म्हटलं तर डेल म्हणाला की आता राहू दे, पितळ वाया कशाला घालवायचं, कोण वाचतंय? माझेच शब्द होते ते, एकोणऐंशी सालचे. मी पट्टी पिशवीत घातली आणि घरी आणली. चमच्यांच्या खणात पडलेली आहे.

ऑक्टोबरच्या रविवारी दुपारी गावजेवण झालं. टर्की, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या म्हणजे पेरोगी, अकरा तऱ्हेचे पाई. कॉर्नी काळ्या सुटात मार्गारेटशेजारी, मानेला कॉलर काचत होती. मी डेलकडून तीन मिनिटं मागून घेतली होती. उठले आणि सगळ्या गावापुढे सांगितलं. कॉर्नीच्या वडिलांचं सांगितलं नाही, ते सांगण्याचा हक्क माझा नव्हता. बाकी सगळं सांगितलं. कॉर्नी रेम्पल कधी मारकुटा नव्हता, त्याला मी केलं, आणि ते मला पस्तीस वर्षं ठाऊक होतं.

मला वाटलं होतं लोक गप्प होतील. त्यांनी टाळ्या वाजवल्या. काही तर उभे राहिले. माझ्याजवळ येऊन बायकांनी मला मिठ्या मारल्या, या वयात असं कबूल करायला केवढं मोठं मन लागतं म्हणाल्या. तुझ्याइतकी प्रामाणिक बाई गावात नाही, म्हणाल्या. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. चुकीबद्दल गावानं मला कधी बोल लावला नव्हता, आणि आता कबुलीबद्दलही माझंच कौतुक चाललं होतं.

मग कॉर्नीला बोलावलं. तो फोटोखाली उभा राहिला, पट्टी वाचली. गोल एकशे सात, मिनिटं चव्वेचाळीस. बराच वेळ वाचत होता. लोकांकडे वळून म्हणाला, "बाबांना दाखवायला हवं होतं. बाकी आभार." एवढं बोलून खाली बसला.

मी कोट उचलला आणि मागच्या दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले, कुणाशी बोलावं लागू नये म्हणून. सभागृहात पाई वाढायला सुरुवात झाली होती. थोड्या वेळानं कॉर्नी आला. कॉलरचं बटण सोडलेलं. माझ्याकडे न बघता शेजारी बसला, अगदी कोपराशी. सुटाच्या खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढल्या, थोड्या माझ्या हातावर ठेवल्या आणि एक फोडली. टरफलं दुसऱ्या मुठीत धरली.

"आज किती?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडलं. आकडा सांगायची माझी उभ्या जन्माची सवय, पण मला आकडा येईना. डोळे भरून आले आणि मी नुसती मान हलवली.

"बरं," कॉर्नी म्हणाला, आणि बसून राहिला.